उपाहारगृह आणि गव्हाचा कण

पॅरिस शहरीं १७६६ च्या सुमारास माथ्युरिँ रोझ द शांत्वाझो नांवाच्या एका गृहस्थानें एक नव्या तऱ्हेचें दुकान थाटलें. तेथें मुख्यतः मांसाचें आटवलेलें कढण मिळे. अशा कढणाला फ्रेंच भाषेंत 'रेस्तोराँ' म्हणत. गेलेली शक्ति परत आणून देणारें तें रेस्तोराँ, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. पदार्थाचें हें नांव पुढें दुकानाला चिकटलें आणि आज तें जगभर पसरलें आहे. या दुकानाचें गिऱ्हाईक कोण? ज्यांची प्रकृति नाजूक, ज्यांना रात्रीचें भरपेट जेवण सोसत नाहीं, असे लोक. तोंवरच्या खानावळींचा परिपाठ निराळा होता. ठराविक वेळीं जावें, एका लांब टेबलाभोंवतीं अनोळखी मंडळींच्या मांडीला मांडी लावून बसावें आणि यजमान वाढील तें मुकाट्यानें खावें. नव्या दुकानांत प्रत्येकाला स्वतंत्र टेबल मिळे, आपल्या सोयीच्या वेळीं जातां येई आणि छापील यादींतून आपल्या पोटाला मानवेल तोच पदार्थ मागवितां येई. म्हणजे, श्रोतेहो, ज्या संस्थेला आपण आज रेस्टॉरंट म्हणतों ती मुळांत पथ्य करणारांसाठीं जन्मास आली. धडधाकट लोकांनीं ती मागाहून बळकावली!

ज्या रोग्यांविषयीं आज मला बोलावयाचें आहे त्यांना या इतिहासाचा लाभ फार उशिरां मिळाला. कित्येकांना तो अजूनहि मिळालेला नाहीं. हे लोक गहूं खाऊं शकत नाहींत. गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा आणि ताण असतो तो ज्या प्रथिनामुळें येतो त्यास ग्लुटेन म्हणतात. गहूं, जव आणि राय या धान्यांतील असलीं प्रथिनें पोटांत गेलीं कीं सीलिअ‍ॅक रोग झालेल्या माणसाची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा खवळते आणि लहान आंतड्याच्या अस्तरावर जे केसाळ अंकुर असतात ते झिजवून टाकते. अन्नाचा रस शोषून घेण्याचें काम हे अंकुरच करीत असल्यामुळें, ताटांत सर्व कांहीं असूनहि शरीर उपाशी राहतें. अतिसार, पोटफुगी, पंडुरोग, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ अशीं याचीं नाना रूपें आहेत. पुष्कळांस पोटाची तक्रार मुळींच नसते, आणि म्हणूनच रोग वर्षानुवर्षें ओळखला जात नाहीं.

रोग जुनाच आहे. कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटिअस यानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं त्याचें वर्णन केलें आणि पोट या अर्थाच्या 'कोइलिया' या शब्दावरून रोग्यांना नांव दिलें. परंतु अर्वाचीन वैद्यकांत हा विषय आणला तो लंडनच्या सॅम्युअल गी यानें. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयांत १८८७ साली त्यानें व्याख्यान दिलें आणि पुढच्या वर्षीं तें छापून प्रसिद्ध झालें. हा रोग बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेंच होईल, हें त्याचें अनुमान अगदीं खरें ठरलें. मात्र कोणत्या आहारानें, हें त्याला उमगलें नाहीं. एका मुलाला रोज मापभर डच शिंपल्या खाऊं घातल्या तेव्हां तें मूल उत्तम सुधारलें. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि मूल पुन्हां खंगलें. पुढच्या हंगामांत त्यानें शिंपल्यांना तोंड लावण्याचेंच नाकारलें! बिचाऱ्या मुलाला गुण आला होता तो शिंपल्यांचा नव्हता. शिंपल्यांनीं पोट भरल्यामुळें जें खाल्लें गेलें नाहीं त्याचा तो गुण असावा, असें आज आपण म्हणूं शकतों. गी हा मोठा सूक्ष्म निरीक्षक होता. परंतु पाव हा रोग्याचा वैरी असूं शकेल ही कल्पना पावावर जगणाऱ्या समाजांत सहजीं सुचण्यासारखी नव्हती.

न्यूयॉर्कच्या सिडने हास यानें १९२४ मध्यें केळ्यांचा उपचार प्रसिद्ध केला. पोर्तो रिको बेटावर पाव खाणाऱ्या शहरी लोकांना अशाच तऱ्हेचा विकार होतो आणि केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाहीं, असें त्याच्या वाचनांत आलें होतें. त्यानें मुलांना केळीं भरपूर दिलीं, आणि पाव, बिस्किटें, बटाटे, धान्यें हीं सर्व बंद केलीं. मुलें बरीं झालीं. श्रेय केळ्यांना मिळालें. यांत गंमत अशी कीं उपचार अचूक होता, पण त्याची उपपत्ति चुकली होती. आणि उपपत्ति चुकली म्हणजे पुढें काय होतें तें पाहा: मूल बरें झालेंसें वाटलें कीं आईबाप त्याला पुन्हां पाव देत, कारण केळ्यांनीं रोग 'निघून गेला' असा त्यांचा समज असे.

खरें कोडें सोडविलें तें हॉलंडमधील विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञानें. हा मनुष्य १९०५ साली जन्मला आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, १९३६ मध्यें, हेग शहरांतील युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच्याविषयीं जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी: १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. सुमारें वीस हजार माणसें भुकेनें व तज्जन्य रोगांनीं मेलीं. पाव दिसेनासा झाला. आणि त्याच दिवसांत सीलिअ‍ॅक झालेलीं मुलें मात्र सुधारूं लागलीं. पुढें दोस्त राष्ट्रांच्या मदतीचा पाव आला आणि तींच मुलें पुन्हां आजारी पडलीं. झालें, डिके याच्या डोक्यांत प्रकाश पडला!

कथा सुरेख आहे, पण थोडी जास्तच सुरेख आहे. वस्तुतः डिके यास गव्हाचा संशय युद्धापूर्वींच, १९३० नंतरच्या दशकांत, आला होता आणि गव्हावांचूनच्या साध्या आहाराविषयीं त्याचा लेख डच वैद्यकीय नियतकालिकांत १९४१ सालींच छापला गेला होता. दुष्काळाचा तो हिवाळा यावयास तेव्हां तीन वर्षें अवकाश होता. शिवाय असेंहि सांगतात कीं एका आईनें त्याला येऊन सांगितलें होतें, "मुलाच्या जेवणांतून पाव काढला तेव्हांपासून तो बरा आहे." त्या बाईचें नांव शास्त्राच्या इतिहासांत कोठें नाहीं. दुष्काळ, विमानें आणि पावाच्या लाद्या यांचें चित्र लोकांना आवडतें. स्वयंपाकघरांत उभ्या राहून आपल्या मुलाच्या ताटाकडे बारकाईनें पाहणाऱ्या आईचें चित्र तितकें आवडत नाहीं. मला स्वतःला दुसरेंच अधिक विश्वसनीय वाटतें. युद्धानें डिके यास कल्पना दिली नाहीं. जी कल्पना होती तिला एक भयंकर दाखला दिला.

युद्धानंतर त्यानें युट्रेख्ट येथें काटेकोर प्रयोग केले. व्हान डे कामर हा रसायनज्ञ आणि वाइयर्स हा बालरोगतज्ज्ञ हे त्याचे सहकारी. व्हान डे कामर यानें मळांतून किती चरबी न पचतां निघून जाते हें मोजण्याची पद्धति बसविली, आणि त्यामुळें आजवर जें 'बरें वाटतें, वाईट वाटतें' अशा भाषेंत चाललें होतें तें आंकड्यांत मांडतां येऊं लागलें. गहूं दिला कीं चरबीचें प्रमाण वाढे. काढला कीं उतरे. डिके याचा प्रबंध १९५० साली युट्रेख्ट विद्यापीठांत सादर झाला. दोनच वर्षांनीं, १९५२ मध्यें, बर्मिंगहॅम येथें शार्लट अँडरसन आणि तिचे सहकारी यांनीं पीठ धुवून त्याचे भाग वेगळे केले: धुवून निघालेलें सत्त्व निरुपद्रवी, मागें राहिलेला चिकट गोळा घातक. ग्लुटेन असें पकडलें गेलें. १९५६ मध्यें मार्गोट शायनर हिनें तोंडावाटे नळी घालून लहान आंतड्याचा तुकडा काढण्याची युक्ति सिद्ध केली, आणि झिजलेले अंकुर डोळ्यांनीं पाहतां येऊं लागले.

रोगी वांचला; परंतु तो पंक्तींतून उठला. ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासांत सहसा सांगत नाहींत. आजतागायत या रोगावर मान्य झालेला उपचार एकच आहे, तो म्हणजे जन्मभर ग्लुटेन वर्ज्य. घरीं तें जमतें. घरच्या डब्यांवर आपली सत्ता असते. बाहेर जेवावयाचें म्हणजे आपली प्रकृति एका अनोळखी आचाऱ्याच्या हातीं द्यावयाची. मुलाच्या मित्राचा वाढदिवस, कचेरींतील मेजवानी, लांबचा प्रवास, मुलगी पाहावयास जाणें, या सर्व प्रसंगीं माणसें खाण्याच्या निमित्तानें एकत्र येतात, आणि एक जण तेथें कोरडी बशी पुढें घेऊन बसतो. "थोडेंसें खाल्लें तर काय होतें?" हा प्रश्न त्याला प्रत्येक ठिकाणीं ऐकावा लागतो.

थोडेंसें खाल्लें तर काय होतें याचें उत्तर शास्त्रानें दिलें आहे. इटलींतील कातासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रोज अवघें ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यानें आंतड्याच्या अंकुरांवर परिणाम दिसून आला. पावाच्या एका कापांत सुमारें २ ग्रॅम, म्हणजे २,००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतें असें धरलें, तर ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या कापाचा चाळिसावा हिस्सा झाला. टेबलावर सांडलेला चुरा म्हणा ना! म्हणूनच आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें २००८ साली आपलें जुनें मान बदलून असें ठरविलें कीं एक किलो पदार्थांत २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक ग्लुटेन नसेल तरच त्यास ग्लुटेनरहित म्हणावें. या मानाचें अन्न अडीच किलो खाल्लें तेव्हां कुठें पोटांत ५० मिलिग्रॅम जाईल, आणि इतकें एका दिवसांत कोण खातो? मान शहाणपणाचें आहे. पण तें कारखान्यांत पाळणें एक, आणि भर गर्दींतल्या हॉटेलच्या मुदपाकखान्यांत पाळणें अगदीं दुसरें.

त्या मुदपाकखान्यांत काय चालतें तें पाहूं. बटाट्याच्या काचऱ्या निर्दोष असतात. पण ज्या तेलांत घटकेपूर्वीं पाव-चुऱ्यांत घोळलेले कटलेट तळले, त्याच तेलांत त्या पडतात. तांदळाच्या शेवया निर्दोष, पण त्या शिजतात गव्हाच्या शेवयांच्या पाण्यांत. पिझ्झाच्या भट्टीजवळ मैदा हवेंत तरंगत असतो आणि तो सर्व भांड्यांवर हलकेच बसतो. एकच पळी दोन पातेल्यांत फिरते. लांकडी लाटण्याच्या भेगांत कालचें पीठ असतें. रस्सा दाट करण्यासाठीं चमचाभर मैदा कालविलेला असतो आणि चिनी सोया सॉस बहुधा गव्हापासून केलेलें असतें. येथें एक भ्रम काढून टाकला पाहिजे. ग्लुटेन म्हणजे जंतु नव्हे. तें उकळल्यानें मरत नाहीं, तळल्यानें जळून जात नाहीं. तें धुवूनच काढावें लागतें. "अहो, चांगलें कडकडीत तापवलें आहे" असें आचारी मोठ्या प्रेमानें सांगतो, आणि त्याच्या त्या प्रेमाचाच धोका असतो.

या एकाकी माणसांना संघटित करण्याचें काम प्रथम रोग्यांनींच केलें. इंग्लंडांत १९६८ साली सीलिअ‍ॅक सोसायटी स्थापन झाली. तिच्या दोघां संस्थापकांपैकीं एक पीटर बेनेन्सन. राजकीय बंदिवानांसाठीं अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था १९६१ साली काढणारा बॅरिस्टर तो हाच. त्याला स्वतःला हा रोग होता. एलिझाबेथ सेगॉल ही त्याची सहसंस्थापक. गव्हाच्या लोंबीवर काट मारलेलें जें चिन्ह आज अनेक देशांतील पुड्यांवर दिसतें, तें याच चळवळींतून आलें.

परंतु घराबाहेरच्या जेवणाचा प्रश्न ज्या देशानें खरोखर मनावर घेतला तो इटली. यांत नवल वाटतें, कारण गव्हाशिवाय इटालियन मनुष्याची कल्पनाच करवत नाहीं. पण थोडा विचार केला म्हणजे नवल ओसरतें. जेथें सारें सामाजिक आयुष्य पिझ्झा आणि पास्ता यांच्या भोंवतीं फिरतें, तेथें त्यांतून बाहेर पडणें म्हणजे जवळजवळ गांव सोडणें होय. तेथील रोग्यांची संस्था १९७९ साली निघाली आणि तिनें २००० साली उपाहारगृहांसाठीं एक योजना सुरू केली. मालकानें व आचाऱ्यानें शिक्षण घ्यावें, भांडीं व जागा वेगळ्या ठेवाव्या, संस्थेच्या माणसाला येऊन पाहूं द्यावें. मग संस्था त्याचें नांव आपल्या यादींत घालते. पुढें २००५ च्या १२३ क्रमांकाच्या कायद्यानें या रोगाला सामाजिक महत्त्वाचा रोग म्हणून मान्यता मिळाली. शाळा, रुग्णालयें व सरकारी कचेऱ्या यांच्या भोजनालयांत मागणी केल्यास ग्लुटेनरहित जेवण देणें आवश्यक ठरलें आणि उपाहारगृहांच्या लोकांना शिक्षण देण्याची तरतूद झाली. २०२३ मध्यें तर मुलांची या रोगासाठीं सरसकट तपासणी करण्याचा कायदा तेथें झाला. शाळेंतल्या पोराला सर्वांबरोबर बसून जेवतां यावें हा हक्क आहे, मेहेरबानी नाहीं, ही गोष्ट कायद्याच्या भाषेंत लिहिली गेली याचें मला मोठें मोल वाटतें.

इतर देशांचें थोडक्यांत सांगतों. युरोपीय संघांत डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाहि आपल्या पदार्थांत ग्लुटेनयुक्त धान्य आहे कीं नाहीं हें सांगणें बंधनकारक झालें. अमेरिकेनें २०१३ साली वीस मिलिग्रॅमचेंच मान स्वीकारलें. पण त्याच सुमारास तेथें एक विचित्र प्रकार घडला. ज्यांना कसलाहि रोग नाहीं अशा हजारों लोकांनीं केवळ हौसेनें गहूं सोडला. हॉटेलांच्या याद्यांवर 'ग्लुटेनरहित' हा शब्द झळकूं लागला. रोग्यांची सोय झाली असें वरवर पाहतां वाटेल. उलट आचाऱ्यांची अशी समजूत झाली कीं ही श्रीमंतांची लहर आहे, पावाचा तुकडा बशींतून उचलून टाकला म्हणजे झालें. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत लोकांनीं खिशांतल्या यंत्रानें उपाहारगृहांतील पांच हजारांहून अधिक पदार्थ तपासले होते. ग्लुटेनरहित म्हणून दिलेल्या पदार्थांपैकीं सुमारें ३२ टक्क्यांत ग्लुटेन सांपडलें. पिझ्झा आणि पास्ता यांत तर निम्म्याहून किंचित् अधिक नमुन्यांत. तें यंत्र फार तिखट असल्यामुळें यांतील कांहीं पदार्थ मान्य मर्यादेच्या आंतहि असतील, आणि लोक संशय आलेलेंच अन्न अधिक तपासतात हेंहि खरें. तरीहि छापील शब्दावर किती विसंबावें याचा अंदाज त्यावरून येतो.

आतां आपल्याकडे वळूं. हा गोऱ्या लोकांचा रोग आहे अशी समजूत येथें पुष्कळ दिवस होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत उत्तर भारतांत दर हजारीं सुमारें बारा, ईशान्येस आठ-नऊ आणि दक्षिणेंत एक असें प्रमाण आढळलें. रोगाला अनुकूल असा आनुवंशिक पिंड सगळीकडे जवळपास सारखा. फरक ठळक दिसला तो गहूं किती खातात यांत. आपल्या महाराष्ट्राचें खाणें ज्वारी-बाजरी, तांदूळ आणि गहूं यांच्या मध्यें कोठें तरी आहे, आणि शहरांतून तें दिवसेंदिवस पोळी-पावाकडे झुकत आहे.

कायदा येथेंहि आहे: ग्लुटेनरहित या शब्दाचें मान आपल्याकडेहि वीस मिलिग्रॅमच आहे, आणि दहा किंवा अधिक ठिकाणीं शाखा असणाऱ्या मोठ्या उपाहारगृहांनीं घातक घटकांची माहिती द्यावी असा नियम २०२० साली झाला. कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत मात्र तो पोहोंचत नाहीं.

तेथें आपल्या घरांतील एक जुनी समज कामीं येण्यासारखी आहे. उपासाच्या दिवशीं धान्य चालत नाहीं, धान्याचा हात लागलेला चमचा साबुदाण्याच्या खिचडींत चालत नाहीं, हें मराठी घरांत लहान मुलालाहि सांगावें लागत नाहीं. सोंवळ्याओंवळ्याच्या नांवाखालीं या देशांत माणसांवर जो अन्याय झाला त्याचें समर्थन कोणीहि करूं नये. येथें विटाळ माणसाचा नव्हे, पिठाचा आहे. पण "एकाचा हात दुसऱ्याला लागूं नये" हा नुसता व्यवहार आपल्या आचाऱ्याला ठाऊक आहे, आणि इटलींत ज्यासाठीं वर्ग घ्यावे लागले त्यांतील अर्धी गोष्ट त्याला "उपासाचें करतां तसें करा" एवढ्या चार शब्दांत सांगतां येते. अर्धीच, कारण फराळी चिवड्याच्या कढईंत आदल्या घाण्याला सामोसे तळले असतील, तर उपास करणाराला कदाचित् कळणार नाहीं. या रोग्याला मात्र तें बाधेल.

म्हणून विचारावयाचें तें नेमकें विचारावें. भाकरी ज्वारीचीच आहे ना, एवढ्यानें भागत नाहीं. ती ज्या परातींत थापली तींत कणीक मळली होती का, आणि तवा पोळ्यांचाच आहे का, हें विचारलें पाहिजे. थालिपिठाच्या भाजणींत बहुतेक घरीं मूठभर गहूं पडतात. बटाटेवड्याचें वरचें आवरण बेसनाचें असतें, तेल सामोशाचें असूं शकतें. इडली आणि साधा डोसा निर्धोक, रवा डोसा नव्हे. आणि सांबार, आमटी, कढी यांत पडणारा हिंग? आपण बाजारांत घेतों तो बहुधा शुद्ध नसतो; तो बांधणीचा हिंग असतो, म्हणजे हिंगाच्या उग्र चिकाला डिंक आणि पीठ यांची जोड दिलेली असते. तें पीठ कोठें तांदळाचें असतें, कोठें गव्हाचें. चिमटीभर हिंगांत कितीसा गहूं, असें कोणी म्हणेल. पण पावाच्या कापाच्या चाळिसाव्या हिश्श्याचा हिशोब आपण आतांच केला आहे. गर्दी नसेल अशा वेळीं, दुपारीं लवकर किंवा उशिरां, जावें, मालकाशीं शांतपणें बोलावें आणि हिंगाची डबी मागून घ्यावी. तिच्यावर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ते आचाऱ्याच्या तोंडून न ऐकतां आपणच वाचावे.